अपडेट टाकलं की फोन सुरू: सूचना दिलेली असूनही काम का अडतं?

लक्षण तेच असतं. अपडेट गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास पहिला फोन येतो. "मॅडम, काल संध्याकाळपर्यंत सगळं नीट चालत होतं." मागे कॅनचे आवाज, लागलेली रांग, कुणाची तरी घाई. मी आमचं सूचनापत्र उघडते. त्यात तो बदल लिहिलेला असतो. अकराव्या ओळीत का होईना, पण असतो.

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर देणाऱ्या एका छोट्या कंपनीत नव्या आवृत्त्या बाहेर काढायचं काम मी बघते. पहिली काही वर्षं माझी समजूत अशी होती की लोक वाचत नाहीत, एवढंच दुखणं आहे. म्हणून सूचना लांब केल्या, लाल अक्षरं घातली, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दोनदा टाकल्या. फोन तेवढेच. वाचूनही कुणाला काही करता येईल असं त्या सूचनांमध्ये नव्हतंच, हे लक्षात आलं ते आम्ही मायएसक्यूएल या डेटाबेसच्या (सगळा डेटा जिथे साठतो त्या प्रोग्रॅमच्या) ५.७ आवृत्तीवरून ८.० वर गेलो तेव्हा. त्या वेळी काय काय अडलं आणि नंतर आम्ही काय बदललं, ते इथे सविस्तर मांडते. तुमचं सॉफ्टवेअर दवाखान्याचं असो की शाळेच्या निकालाचं, अडचण याच जागी सापडेल असं मला वाटतं.

आधी बदल कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद होणार म्हटल्यावर हलणं भाग होतं. आम्ही नवा सर्व्हर टाकला, खाती नव्याने तयार केली, जुना डेटा त्यात भरला आणि जुनी सेटिंगची फाईल तशीच उचलून ठेवली. मग तीन गोष्टी अडल्या, तिन्ही वेगळ्या तऱ्हेच्या.

पहिली: काही संस्थांमध्ये सर्व्हर उठलाच नाही. जुन्या सेटिंगच्या फाईलमध्ये क्वेरी कॅशचा (आधी दिलेली उत्तरं लक्षात ठेवणाऱ्या सोयीचा) आकार सांगणारी एक ओळ होती. ८.० मधून क्वेरी कॅश पूर्ण काढून टाकलेली आहे, आणि सेटिंगमध्ये अनोळखी नाव दिसलं की सर्व्हर सुरू होत नाही. ती ओळ काढली, काम झालं. असा बदल बोंब मारतो. त्रास होतो, पण कुठे दुखतंय ते लगेच कळतं.

दुसरी: संस्थेत सगळं सुरळीत, पण हिशेब तपासणीसांच्या ऑफिसातली एक्सेल शीट डेटा ओढेना. ८.० मध्ये नव्या खात्याचा पासवर्ड तपासायची ठरलेली पद्धत बदलली आणि 'कॅशिंग शा-टू पासवर्ड' आली. तपासणीसांच्या संगणकावरचा जुना ओडीबीसी ड्रायव्हर (एक्सेलला डेटाबेसशी जोडणारा प्रोग्रॅम) तिला ओळखत नव्हता. आम्ही जागच्या जागी अपग्रेड केलं असतं तर जुनी खाती जुन्याच पद्धतीने चालत राहिली असती. नवी खाती काढल्यामुळे हे झालं. हाही बदल बोंब मारतो, पण दुसऱ्याच्या घरात, आणि त्या घरी आमची सूचना गेलेलीच नव्हती.

तिसरी गोष्ट मात्र जीव खालीवर करणारी होती. एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला: "मॅडम, बिल रजिस्टर उलटंपालटं आलंय. एक गाय असलेल्या माणसाच्या नावापुढं दहा दिवसांचे १४,२६० रुपये दिसतायत." कुठेही एरर नाही, बेरीज पैशाला पैसा जुळलेली. फक्त क्रम बदललेला. सचिवांची वर्षानुवर्षांची पद्धत अशी की रजिस्टरमधला रकमांचा रकाना उचलायचा आणि बँकेच्या यादीत नावांशेजारी चिकटवायचा. नावं सभासद क्रमांकाने लावलेली, रकमा वेगळ्याच क्रमाने. बँकेत फाईल जायच्या आधी त्यांच्या नजरेस पडलं म्हणून निभावलं.

कारण शोधायला आम्हाला दुपार गेली. ५.७ पर्यंत क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, 'ग्रुप बाय' केलं (एकाच सभासदाच्या नोंदी एकत्र केल्या) की मायएसक्यूएल निकाल आपोआप त्या रकान्याच्या क्रमाने लावून द्यायचं. ८.० मध्ये ते थांबलं. क्रम हवा असेल तर 'ऑर्डर बाय' स्पष्ट लिहावं लागतं. आमच्या रजिस्टरच्या क्वेरीत ते कुणी लिहिलंच नव्हतं, कारण कधी गरज पडली नव्हती. त्यामुळे रजिस्टर आता ज्या क्रमाने पहिल्या सकाळी माणसं कॅन घेऊन काट्यावर आली त्या क्रमाने निघत होतं. आणि आम्हाला चाचणीत हे दिसलं का नाही? आमच्या चाचणीच्या डेटात सभासद एक, दोन, तीन असे ओळीनेच दूध घालत होते. खऱ्या गावात तसं कुणी येत नाही.

अशा बदलाला मी मुका बदल म्हणते. काम चालू राहतं, उत्तर वेगळं येतं. सूचनेत याची जागा सगळ्यात वर हवी. आमच्या सूचनेत तर तो नव्हताच, कारण आम्हालाच माहीत नव्हता. मायएसक्यूएलच्या कागदपत्रांत मात्र होता. आपोआप लागणाऱ्या क्रमावर विसंबू नका, हे ५.७ च्या माहितीतही लिहिलेलं होतं. क्वेरी निमूट चालत होती, म्हणून ते पान आपल्या क्वेऱ्यांशी ताडून बघायचं कुणाला सुचलं नाही. आमच्या सचिवांनी आमच्या सूचनेचं जे केलं, तेच आम्ही मायएसक्यूएलच्या सूचनेचं केलं होतं. त्या दिवसापासून "लोक वाचत नाहीत" हे वाक्य मी ऑफिसात बोलत नाही.

सूचनेचा मजकूर तपासा

त्या आवृत्तीसोबत गेलेल्या सूचनेतल्या तीन ओळी अशा होत्या:

"डेटाबेस इंजिन अद्ययावत करण्यात आले आहे. जुन्या प्रमाणीकरण पद्धतीचा सपोर्ट काढण्यात आला आहे. काही जुने अहवाल अप्रचलित करण्यात आले आहेत."

नंतर मी पाच-सहा सचिवांना फोन करून विचारलं, यातून तुम्हाला काय समजलं? 'सपोर्ट काढला' याचा अर्थ एकाने असा घेतला होता की आता फोन केला तरी कंपनी मदत करणार नाही. 'अप्रचलित' शब्दाने तर गोंधळच केला. दोघांना वाटलं ते अहवाल गेले, म्हणून त्यांनी ते उघडायचं सोडून वहीत हाताने लिहायला सुरुवात केली होती. प्रत्यक्षात ते अहवाल चालू होते, पुढच्या आवृत्तीत जाणार होते. 'अद्ययावत' वाचून सगळ्यांना बरं वाटलं होतं, आणि तिथेच वाचन थांबलं होतं.

आम्ही काय केलं ते आम्ही लिहिलं होतं. वाचणाऱ्याचं काय अडेल, ते कुठेच नव्हतं. कर्मणी प्रयोगातली वाक्यं तर याला फारच सोयीची: करण्यात आले, काढण्यात आले. कोणी काय करायचं हे त्यात लिहावंच लागत नाही.

तीच सूचना आता आम्ही अशी लिहितो:

"तुमचे हिशेब तपासणीस आपल्या संगणकावरून एक्सेलमध्ये डेटा घेत असतील तर हे वाचा. घेत नसतील तर तुम्हाला काही करायचं नाही. ११ तारखेच्या अपडेटनंतर त्यांची शीट उघडेल, पण नवा डेटा येणार नाही. त्याआधी त्यांच्या संगणकावर नवा ड्रायव्हर टाकावा लागेल, साधारण १० मिनिटांचं काम आहे. टाकल्यावर शीटमध्ये 'रिफ्रेश' दाबा. कालची तारीख दिसली की झालं. दिसली नाही तर अपडेट घेऊ नका, आम्हाला फोन करा."

यातलं पहिलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. हे माझ्यासाठी आहे की नाही, ते वाचणाऱ्याला तिथेच कळतं. ज्याला लागू नाही तो दुसऱ्या वाक्यावर सुटतो, आणि पुढच्या वेळी सूचना आली की उघडतो, कारण मागच्या वेळी तिने त्याचा वेळ खाल्ला नव्हता. शेवटची दोन वाक्यंही आम्ही कधी गाळत नाही. झालं की नाही हे ज्याचं त्याला बघता आलं पाहिजे.

'अप्रचलित' शब्द आम्ही काढूनच टाकला. त्याजागी दोन वाक्यं लिहितो: "हे अजून चालतं. १ एप्रिलच्या आवृत्तीपासून चालणार नाही." तारीख ठरली नसेल तर ओळच लिहीत नाही. 'लवकरच', 'आगामी काळात' असल्या शब्दांवर कुणी हलत नाही आणि हलूही नये. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि त्यात बऱ्याच गोष्टी जुन्याशी जुळणाऱ्या नव्हत्या. तीनला दोनने भागलं तर पायथन २ मध्ये उत्तर १ यायचं, पायथन ३ मध्ये १.५ येतं. हाही मुकाच बदल. २.७ ची मुदत आधी २०१५ पर्यंत होती, ती २०१४ मध्ये वाढवून २०२० केली. माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी तेव्हा काम बाजूला ठेवलं. १ जानेवारी २०२० ही एकच तारीख सगळीकडे ठळक दिसायला लागली, तेव्हा कुठे जो तो कामाला लागला.

तात्पुरत्या उपायालाही मुदत लिहा

हीच समस्या फिरून फिरून येण्याचं एक कारण बरेच दिवस माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अडचण आली की आपण फोनवर तोडगा सांगतो, समोरच्याचं काम चालू होतं, आणि तो तोडगा कायमचा होऊन बसतो.

पासवर्डच्याच गोष्टीत बघा. ८.० आलं त्या २०१८ सालापासून बहुतेकांनी एकच युक्ती केली: खातं परत जुन्या 'नेटिव्ह पासवर्ड' पद्धतीवर टाकायचं. आम्हीही काही तपासणीसांसाठी तेच केलं, कारण मार्चअखेरच्या धांदलीत ड्रायव्हर बदलायला कुणाला सवड नव्हती. पुढे २०२४ मध्ये ८.४ आवृत्ती आली, तिच्यात ती जुनी पद्धत मुळातच बंद करून ठेवलेली आहे, मुद्दाम चालू करावी लागते. त्याच वर्षीच्या ९.० मधून ती काढूनच टाकली. म्हणजे ज्यांना आम्ही फोनवर "आता चालेल" म्हटलं, त्यांचं काम पुढे कधीतरी पुन्हा अडणार होतं, आणि त्यांना पुन्हा तेच वाटणार होतं की काल चालत होतं.

म्हणून आता तोडगा सांगितला की त्याची वहीत नोंद होते: कोणती संस्था, कोणता संगणक, काय केलं, कुठवर चालेल. आणि फोनवरच सांगतो, "हे ८.० असेपर्यंत चालेल, त्यानंतर ड्रायव्हर बदलावाच लागेल." ऐकणाऱ्याला हे आवडत नाही, पण त्याला सांगायलाच हवं.

सूचना योग्य माणसाकडे जाते का ते बघा

आमच्याकडे सूचना सचिवांना जायची, कारण अपडेटचं बटण ते दाबतात. पण बदल झाला की अडणारी माणसं वेगळी असतात: तालुक्याचा फॅट मशीन दुरुस्त करणारा, तपासणीस, संघाच्या ऑफिसात डेटा घेणारा मुलगा. सचिवांना आठवून विचारलं तर दोन नावं मिळतात आणि तिसरं राहतं. त्यापेक्षा सर्व्हरलाच विचारावं. मायएसक्यूएलच्या परफॉर्मन्स स्कीमामध्ये (सर्व्हर स्वतःच्या कामाच्या नोंदी ठेवतो त्या भागात) 'अकाउंट्स' नावाचा तक्ता असतो. सर्व्हर सुरू झाल्यापासून कोणत्या खात्याने कोणत्या संगणकावरून जोडणी केली ते त्यात दिसतं. आम्ही अपडेटच्या पंधरा दिवस आधी हा तक्ता बघतो. एका संस्थेत आम्हाला कुणाला माहीत नसलेला एक संगणक रोज रात्री जोडणी करताना दिसला. पशुखाद्याच्या दुकानातला होता. उधारीची कपात बिलातून व्हावी म्हणून कुणीतरी कधीकाळी जोडून दिलेला. आमच्या कुठल्याच यादीत त्याचं नाव नव्हतं.

आवृत्तीच्या आकड्याबद्दल थोडक्यात सांगते. पहिला आकडा वाढला तर जुन्याशी न जुळणारा बदल, दुसरा वाढला तर नवी सोय, तिसरा वाढला तर दुरुस्ती, हा संकेत प्रोग्रॅमरच्या कामाचा आहे आणि पाळावा. सचिवांना त्यातून काही कळत नाही, आणि त्यांनी ते शिकावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. शिवाय सगळेच तो पाळतात असं नाही. मायएसक्यूएल ८.० मध्ये तिसऱ्या आकड्याच्या आवृत्त्यांतूनही नव्या गोष्टी येत राहिल्या. दीर्घ मुदतीच्या आणि नव्या सोयींच्या आवृत्त्या त्यांनी वेगळ्या काढल्या त्या २०२३ मध्ये.

जे यंत्राला तपासता येतं ते माणसाला वाचायला लावू नका

क्वेरी कॅशच्या ओळीबद्दल सूचना लिहिण्यात काहीच अर्थ नव्हता. सचिव सेटिंगची फाईल उघडणार नाहीत. आता आमचं अपडेट काही बदलण्याआधी ती फाईल स्वतः वाचतं. काढलेल्या सेटिंग दिसल्या तर जुन्या फाईलची प्रत ठेवून त्या ओळी बाजूला करतं आणि पडद्यावर मराठीत काय केलं ते सांगतं. मायएसक्यूएल शेल या साधनातही अपग्रेडपूर्व तपासणीची सोय आहे, ती जरूर वापरा. राखीव झालेले शब्द (मायएसक्यूएलने स्वतःच्या वापरासाठी ठेवलेले) वगैरे ती पकडते. आमच्या एका तक्त्यात उत्कृष्ट दूध उत्पादकांच्या बक्षिसासाठी 'रँक' नावाचा रकाना होता. ८.० मध्ये तो राखीव शब्द झाला. असलं हे हाताने शोधत बसलो असतो तर आठवडा गेला असता. पण आपल्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या क्वेऱ्या या तपासणीला दिसत नाहीत. म्हणून 'ग्रुप बाय' आहे आणि 'ऑर्डर बाय' नाही अशा आमच्या सगळ्या क्वेऱ्या आम्ही शोधून काढल्या आणि एकेक वाचली.

मुक्या बदलासाठी मला सापडलेला भरवशाचा उपाय एकच: एका बिलापुरतं जुनं आणि नवं दोन्ही चालवायचं. त्याच दहा दिवसांच्या डेटावर दोन्ही सर्व्हरवरून रजिस्टर काढायचं आणि ओळीला ओळ लावून बघायचं. डेटा खरा हवा, चाचणीचा नको. फरक निघाला तर त्या फरकाचा फोटोच सूचनेत घालायचा. डावीकडे जुनं रजिस्टर, उजवीकडे नवं. आमच्या एका सूचनेत अशा फोटोखाली एवढंच लिहिलेलं होतं: "क्रम असा बदलेल. रकाना उचलून चिकटवत असाल तर थांबा." त्या अपडेटनंतर या विषयावर एकही फोन आला नाही.

वेळ आणि परतीचा रस्ता

आमच्याकडे बिलं १० तारखेला, २० तारखेला आणि महिनाअखेर निघतात. त्यामुळे अपडेट ११ किंवा २१ तारखेला, सकाळचं संकलन संपल्यावर, म्हणजे संध्याकाळच्या रांगेआधी दुरुस्तीला सहा-सात तास हातात राहतात. मार्चअखेर आणि दिवाळीच्या फरक बिलाच्या आधी तर काहीच हलवत नाही. मोठ्यांनाही वेळ बघावी लागते. क्रोमने फेब्रुवारी २०२० पासून दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या कुकींचे (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींचे) नियम कडक करायला सुरुवात केली होती. एप्रिलमध्ये करोनाच्या काळात अत्यावश्यक सेवांच्या साइट अडू नयेत म्हणून गूगलने तो बदल तात्पुरता मागे घेतला आणि जुलैपासून पुन्हा आणला.

गूगलला मागे येता आलं. तुम्हाला येता येईल का, हे सूचनेत स्पष्ट लिहा. मायएसक्यूएल ८.० वर गेलेला डेटा तसाच ५.७ वर उलटा नेता येत नाही. ८.० मधून काढलेली डंप फाईल (सगळ्या डेटाची मजकुराच्या रूपातली प्रत) जुन्या सर्व्हरवर चढवायला गेलात तर '०९००' असलेल्या नव्या कोलेशनचं (अक्षरांचा क्रम ठरवणाऱ्या नियमांचं) नाव ओळखत नाही म्हणून ती पहिल्याच तक्त्यापाशी अडू शकते. अपडेटच्या आधी घेतलेला बॅकअप एवढाच परतीचा रस्ता, आणि अपडेटनंतर भरलेलं दूध त्यात नसतं. आम्ही हे असंच लिहितो: "अपडेटनंतर मागे फिरायचं ठरवलं तर त्यानंतरचं संकलन पुन्हा हाताने भरावं लागेल. पहिले दोन दिवस वहीत नोंद ठेवा." वहीची ही अट घालताना मला संकोच वाटला होता. सचिवांनी ती विनातक्रार मान्य केली. वही त्यांच्याकडे असतेच.

सूचना पाठवण्याआधी आता आम्ही आणखी एक करतो. मजकूर एका सचिवांना फोनवर वाचून दाखवायचा आणि विचारायचं, "यावरून तुम्ही उद्या काय कराल?" त्यांचं उत्तर आमच्या मनातल्या उत्तराशी जुळलं तर सूचना जाते. नाही जुळलं तर मजकूर बदलायचा, त्यांना समजावत बसायचं नाही. मागच्या खेपेला तीनदा बदलावा लागला. तिसऱ्यांदा वाचल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मला काहीच करायचं नाही, फक्त तपासणीसांना फोन लावायचा." तेच हवं होतं. ते वाक्य आम्ही उचललं आणि सूचनेच्या पहिल्या ओळीत टाकलं.

८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची. ८.४ वर जायची सूचना लिहिताना सगळ्यात आधी तोडग्यांची वही काढली. जुन्या पासवर्ड पद्धतीवर ठेवलेली नऊ खाती तिच्यात निघाली, पशुखाद्याच्या दुकानातल्या संगणकाचं धरून. त्या नऊ जणांची सूचना वेगळी लिहिली, प्रत्येकाच्या नावाने.